माझा तिसरा विषय

(मंडळाच्या सहलीच्या निमित्ताने विजयादशमीस इन्नंबूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आज सकाळी येथल्या देवालयात आपल्या मंडळातील पाच बालकांनी भाताच्या दाण्यांवर पहिले अक्षर गिरवले. आपल्या घरी आज पाटीपूजन, येथे विद्यारंभ. ज्याच्यापुढे ते अक्षर गिरवले त्या शंकराचे नावच मुळी एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ, संस्कृतात अक्षरपुरीश्वर. अशा मंगल दिवशी आणि अशा स्थळी मी 'गुन्हेशास्त्र' हा विषय सुचवला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी माझ्याकडे जरा साशंक दृष्टीने पाहिले. त्यांचा दोष नाही. परंतु हा विषय मला ह्या देवळाच्या कथेनेच सुचवला, हे मी आरंभीच सांगून टाकतो.

गुरुक्कलांनी ती कथा सकाळी तमिळमधून सांगितली. ज्यांचे लक्ष मुलांच्या रडण्याकडे होते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ह्या देवळाचे हिशेब सुदन्मन नावाचा एक शिवभक्त ठेवीत असे. चोळ राजाला त्या हिशेबात काही गोम आहे असा संशय आला आणि त्याने सर्व कागद घेऊन हजर होण्याची आज्ञा केली. बिचारा हिशेबनीस घाबरला. त्याने रात्रभर देवाचा धावा केला. दुसऱ्या दिवशी तो भीतभीत राजापुढे उभा राहिला, तेव्हा राजा म्हणाला, अरे, तू तर काल येऊन सगळे हिशेब चोख दाखवून गेलास! साक्षात शंकरच हिशेबनिसाचे रूप घेऊन गेला होता, हे मग दोघांनाही उमगले.

ही कथा ऐकताना भाविकांचे डोळे देवाकडे लागतात. माझी सारी हयात केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात गेली, त्यामुळे माझे डोळे त्या हिशेबनिसाकडे लागले. राजाला संशय का आला असेल? कोणी कानाशी लागले होते का? आणि रात्रभर त्या माणसाच्या घरात काय चालले असेल? हे प्रश्न देवळात बसून विचारण्याचे नव्हेत, पण ते विचारण्याची खोड मला कॉलेजातल्या एका दुय्यम विषयाने लावली. त्याच विषयाबद्दल आज बोलावयाचे आहे.

माझे बालपण आणि शिक्षण सागरला झाले. आपल्यापैकी पुष्कळांना सागर म्हणजे मध्य प्रदेशातले कुठलेसे आडगाव वाटते. वस्तुतः ते आपल्याच माणसांनी वाढवलेले गाव आहे. कोकणातील नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांच्या आज्ञेने बुंदेलखंडात गेले, गोविंदपंत बुंदेले झाले आणि सागरच्या तलावाकाठी त्यांनी आपला अंमल बसवला. पानिपताच्या आधी, १७६० च्या डिसेंबरात ते मारले गेले. त्यांच्यामागून आलेली मराठी घरे मात्र तेथेच राहिली. तेव्हा तंजावरकर मंडळी जेव्हा मला विचारतात, 'तुम्ही महाराष्ट्रातले ना?', तेव्हा मी सांगतो, 'नाही हो, मीही तुमच्यासारखाच बाहेरगावचा मराठी.'

सागरला १९४६ साली डॉ. हरिसिंह गौर यांनी स्वतःच्या मिळकतीतून विद्यापीठ स्थापन केले. हे गौर नामांकित बॅरिस्टर. भारतीय दंडविधानावरचा त्यांचा ग्रंथ वकिलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी वापरला. कदाचित त्याचाच संस्कार असेल, पण ह्या विद्यापीठात १९५९ साली अपराधशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञानाचा स्वतंत्र विभाग निघाला. विद्यापीठीय शिक्षणात असा विभाग देशात प्रथम तेथे निघाला असे मानले जाते. गावही त्या विषयाला साजेसेच होते. मराठ्यांच्या काळातल्या किल्ल्यात पोलीस अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चाले, मध्यवर्ती तुरुंग गावातच होता, आणि राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळाही तेथेच. आम्हां मुलांना वाटे, प्रत्येक गावात तलाव, किल्ला, तुरुंग आणि प्रयोगशाळा असतेच.

१९८८ साली मी बी. ए.ला नाव घातले. तीन विषय घ्यावे लागत. अर्थशास्त्र वडिलांच्या आज्ञेने, इतिहास आवडीने, आणि अपराधशास्त्र, खरे सांगतो, वेळापत्रकाच्या सोयीने. सकाळचे तास असत आणि दुपारी मला शिकवण्या करता येत. विषय कळल्यावर आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी कपाटाला कुलूप घालायला सुरुवात केली, आणि एका काकांनी 'आता चोर पकडणार वाटते' असे म्हणून माझी पाठ थोपटली. दोघांचाही गैरसमज सारखाच. चोर कसा पकडावा हे पोलिसांचे शास्त्र, चोराला काय शिक्षा द्यावी हे कायद्याचे शास्त्र. गुन्हेशास्त्र त्याआधीचा प्रश्न विचारते: आपण कोणाला चोर म्हणतो, का म्हणतो, आणि तसे म्हटल्याने पुढे काय होते?

पहिल्या वर्षी आम्हांला इटलीचा बेक्कारिया शिकवला. त्याने १७६४ साली लिहिले की शिक्षा किती क्रूर आहे याला महत्त्व नाही, ती किती अटळ आहे याला आहे. मग आला लोंब्रोसो, तोही इटालियन, डॉक्टर. १८७६ साली त्याने असा सिद्धान्त मांडला की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात. वर्गात आम्ही एकमेकांचे कान मोजले! पुढे इंग्लंडात चार्ल्स गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन ती सैनिकांच्या आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या मापांशी ताडून पाहिली, आणि १९१३ साली जाहीर केले की गुन्हेगार अशी काही शारीरिक जात अस्तित्वात नाही. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजला एके काळी दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. तेव्हा त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी ही तुलना मनावर घेऊ नये. (त्याच कॉलेजात गणितापायी बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे रामानुजन यांची शिष्यवृत्ती गेली. मुख्य विषयाचे वेड सर्वांनाच परवडते असे नाही.)

लोंब्रोसोला आम्ही हसलो खरे, पण पुढच्याच प्रकरणाने हसू मावळले. लोंब्रोसोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्याला कवटी मोजण्याचीही गरज भासली नाही. विशिष्ट जातीत जन्मला की नोंदवहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. १९११ च्या सुधारित कायद्याने तो ह्या मद्रास इलाख्यालाही लागू झाला आणि पुढे दक्षिणेतल्या कळ्ळरांसारख्या समाजांना त्याचा जाच सोसावा लागला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तो कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी.

त्याच सुमारास पुण्याच्या मामांनी मला एक नवे पुस्तक पाठवले: लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. ते १९८७ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ज्या प्रकरणाला चार पाने होती, त्या चार पानांतला एक मुलगा माझ्याच भाषेत माझ्याशी बोलू लागला. घरी मराठी बोलणारे आम्ही परप्रांतातले लोक मराठी पुस्तकाकडे आठवणींचा डबा म्हणून पाहतो. खारी शंकरपाळी मिळावीत तशी अपेक्षा ठेवतो. ह्या पुस्तकाने मला दोन रात्री झोपू दिले नाही.

दुसऱ्या वर्षी विषशास्त्राची तोंडओळख होती. सोमल, म्हणजे आर्सेनिक, शरीरात कसे ओळखावे हे शिकवताना आमच्या सरांनी बडोद्याची हकीकत सांगितली. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांना पपनसाच्या सरबतातून विष देण्याचा प्रयत्न झाला. मुंबईच्या रासायनिक परीक्षकाने गाळात सोमल असल्याचे सांगितले. आरोप आला खुद्द मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला सहा जणांचे कमिशन बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांना आरोप पटला, हिंदी सभासदांना पुरावा पुरेसा वाटला नाही. तीन विरुद्ध तीन! तरीही १८७५ च्या एप्रिलात मल्हाररावांना पदच्युत केले, मात्र ते विषप्रयोगासाठी नव्हे तर राज्यकारभार बिघडवल्याबद्दल. रसायनशास्त्राने प्याल्यात विष होते हे सिद्ध केले; ते कोणी घातले हे रसायनशास्त्राला सांगता येत नव्हते. हा भेद सरांनी फळ्यावर खडूने लिहून दाखवला होता.

मल्हाररावांच्या जागी बडोद्याचा कारभार सावरायला जे दिवाण आले ते सर टी. माधवराव. त्यांचा जन्म १८२८ साली येथल्याच कुंभकोणमचा, घर मराठी देशस्थ ब्राह्मणाचे. हे मला सागरच्या वर्गात ठाऊक नव्हते. बदली होऊन ह्या भागात आलो तेव्हा आपल्या मंडळातल्या एका आजोबांनी सांगितले, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा तो फळा डोळ्यांपुढे उभा राहिला.

तुरुंगाच्या भेटीबद्दल थोडेसेच सांगतो. सर आम्हांला सतरंज्या विणण्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. एक गृहस्थ चष्मा लावून दुसऱ्या कैद्यांची पत्रे लिहीत बसले होते. आम्हांला ते कारकून वाटले. ते जन्मठेपेचे कैदी होते, बांधाच्या भांडणात भावकीतला खून. आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखेच दिसत होते. आपल्याला 'दो आँखें बारह हाथ' आठवत असेल. शांतारामबापूंचा तो १९५७ चा चित्रपट ज्या प्रयोगावरून सुचला, तो औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली सुरू झाला. कैद्यांना कुंपणावाचून शेतावर ठेवण्याची ती वसाहत होती. कथा गदिमांची. चित्रपट सर्वांनी पाहिला, पण गाव फारच थोड्यांनी पाहिले. असो.

परीक्षा झाली, तिसऱ्या विषयात बरे गुण पडले, स्पर्धापरीक्षेतून मी लेखापरीक्षण खात्यात लागलो आणि वह्या माळ्यावर गेल्या. आता जे सांगणार आहे ते आजवर घरातल्या माणसांखेरीज कोणाला सांगितलेले नाही.

नोकरीला सातेक वर्षे झाली होती. उत्तरेकडच्या एका कार्यालयाच्या भांडाराची तपासणी माझ्याकडे आली. तांब्याच्या तारेचा साठा नोंदवहीप्रमाणे जेवढा हवा त्याहून तीनशे किलोंहून अधिक कमी भरला. तेथले स्टोअरकीपर पन्नाशीचे, अबोल. मी हाफ मार्जिन दिले, दोन दिवसांत खुलासा मागितला. लेखापरीक्षणाशी संबंध न आलेल्यांसाठी सांगतो, पानाच्या एका बाजूला आमचा आक्षेप आणि दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी, त्याला आम्ही हाफ मार्जिन म्हणतो. त्यांची बाजू कोरीच राहिली. माझ्याशी बोलताना त्यांना घाम येई. कार्यालयाबाहेर त्यांची कोरी करकरीत स्कूटर उभी असे. त्या काळच्या पगारात ती कशी आली, असा विचार माझ्या मनात आला, आणि परिच्छेद लिहिताना 'तूट' ह्या शब्दाच्या जागी मी 'अपहार' हा शब्द लिहिला. वरिष्ठांनी त्या परिच्छेदाची तारीफ केली.

ते गृहस्थ निलंबित झाले. निलंबनात प्रारंभी अर्ध्या पगाराच्या हिशेबाने निर्वाह भत्ता मिळतो. तेरा महिने गेले. मग पावसाळ्यात छत गळू लागले म्हणून भांडार हलवताना जुन्या वर्षाच्या गठ्ठ्यात मागणीपत्रकांची एक चळत निघाली. तार रीतसर दुसऱ्या उपविभागाला दिलेली होती, सही होती, शिक्का होता; कागद चुकीच्या गठ्ठ्यात बांधला गेला होता. स्कूटर त्यांच्या धाकट्या भावाची होती. घाम येई, कारण त्यांना घाम येत असे.

आमच्या दप्तरात त्या प्रकरणाचा शेवट तीन शब्दांत झाला: 'परिच्छेद निकाली काढला.' त्यांच्या दप्तरात तो तसा झाला नाही. मधल्या काळात मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले होते. मुलाने शिक्षण सोडून दुकानात नोकरी धरली होती. दोन वर्षांनी मी पुन्हा त्याच कार्यालयात तपासणीला गेलो, तेव्हा त्यांनी प्रत्येक कागद दोन प्रतींत माझ्यापुढे ठेवला. तिसरी प्रत घरी ठेवतो, म्हणाले. मी हात जोडून त्यांची क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'साहेब, आकडा लिहिलात त्याचे काही वाटत नाही. आकडा खराच कमी होता. तो शब्द लिहिला नसता तर बरे झाले असते.'

त्या रात्री विश्रामगृहात मला झोप आली नाही. मी काय केले होते? घाम, मौन आणि स्कूटर यांवरून माणूस ठरवला होता. लोंब्रोसोने निदान कान मोजले होते, मी तेही केले नव्हते! ज्या सिद्धान्ताला आम्ही वर्गात खो खो हसलो, तोच मी सरकारी कागदावर, सरकारी शाईने लिहिला होता. आणि तिसऱ्या विषयात मला बरे गुण पडले होते.

त्यानंतर सुटीत सागरला जाऊन मी माळ्यावरच्या वह्या उतरवल्या. त्यात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड होता. त्याने १९३९ च्या डिसेंबरात आपल्या समव्यवसायी विद्वानांपुढे सांगितले की गुन्हा दारिद्र्यातूनच होतो हे खरे नाही. प्रतिष्ठित, पांढरपेशी माणसेही आपल्या व्यवसायाच्या आडून गुन्हे करतात, फक्त त्यांना आपण गुन्हेगार म्हणत नाही. त्याचा विद्यार्थी क्रेसी. त्याने तुरुंगात जाऊन पैशाची अफरातफर केलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ साली पुस्तक लिहिले. त्याला दिसले की विश्वासाच्या जागी बसलेला माणूस तीन गोष्टी जुळल्या की घसरतो: कोणाला सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी, आणि 'उसने घेतोय, परत ठेवीन' अशी मनाची समजूत. हॉवर्ड बेकर याचे १९६३ चे पुस्तक तर नेमके माझ्यावरच लिहिल्यासारखे वाटले. एखाद्याला बिल्ला चिकटवला की समाज त्या बिल्ल्याशीच बोलू लागतो, माणसाशी नाही, हे त्याचे म्हणणे. हे सारे मी पूर्वी वाचले होते, त्यावर दहा-दहा गुणांची उत्तरे लिहिली होती.

तेव्हापासून माझी कामाची रीत बदलली. तूट दिसली की आधी कुलपाच्या किल्ल्या कितीजणांकडे आहेत ते विचारतो. एकच माणूस माल घेतो, नोंदतो आणि देतो काय, ते पाहतो. गठ्ठे कोठे ठेवतात, छत गळते का, हेही. खरा अपहार सापडला नाही असे नव्हे. चांगले मोठे सापडले, आणि त्यांतले दोन तर अगदी हसतमुख, बिनघामाच्या माणसांचे. पण तो शब्द मी चौकशी पुरी होईपर्यंत लिहिला नाही. आमच्या व्यवसायात १८९६ सालच्या एका इंग्रजी निवाड्याचा दाखला नेहमी देतात. न्यायमूर्ती लोप्स यांनी म्हटले होते की लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, वास काढीत मागे लागणारा शिकारी कुत्रा नव्हे. उपमा काही फारशी मानाची नाही, पण मला ती पटते.

आता ज्यांच्यामुळे हे व्याख्यान लांबले त्यांच्याकडे वळतो. आपल्या मंडळातील एक कन्या वाणिज्य शाखेत शिकते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने 'मेजर' आणि 'मायनर' असे शब्द घरोघरी आणले आहेत, आणि तिला मायनर म्हणून गुन्हेशास्त्र घ्यावयाचे आहे. तिच्या मातोश्रींनी गेल्या महिन्यात मला विचारले, 'भाऊजी, मुलीने हे असले काय शिकायचे? आणि पोट भरेल का त्याने?'

पोटाचे आधी सांगतो. नुसत्या दुय्यम विषयावर कोणाचेच पोट भरत नाही. पण दिवस पालटले आहेत. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे, आणि किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा प्रथमच कायद्यात आली आहे. ही शिक्षा राबवायला माणसे लागतील. तमिळनाडूत मद्रास विद्यापीठात आणि तिरुनेलवेलीला ह्या विषयाचे विभाग आहेत, मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ आहे. हिशेबतपासणीबरोबर हा विषय घेतलेल्या मुलीला बँकांतही विचारतील.

आणि मुलीने शिकावे का? वहिनी, अवश्य शिकावे. एकच विनंती आहे. तिच्या कॉलेजने तुरुंगाची भेट ठेवली तर 'तिकडे कशाला' म्हणून तिला अडवू नका. पुस्तके ती नंतरही वाचील.

गुरुक्कलांना मी सकाळी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारले की देवाने दाखवलेले ते हिशेब कोठे पाहायला मिळतील का. ते हसले आणि त्यांनी माझ्या हातावर विभूती ठेवली. आमच्या स्टोअरकीपरांचा कागद सापडायला तेरा महिने लागले. सुदन्मनाचे काम एका रात्रीत झाले. प्रसादाची पाने मांडली गेली आहेत आणि पाचही नवे विद्यार्थी भुकेले आहेत, असा निरोप आला आहे.